ती खरखर राहू द्या

गेल्या महिन्यात पुतण्याने माझी ‘बी थाउजंड’ या अल्बमची कॅसेट संगणकावर चढवली आणि कुठल्याशा ॲपमधून ‘साफ’ करून दिली. खरखर गेली. ज्या घरात ती गाणी जन्मली ते घरही तिच्याबरोबर पुसलं गेलं. पोराने मायेने केलेलं काम, त्याला काय बोलणार? म्हणून इथे लिहितो.

त्या गाण्यांमागचा रॉबर्ट पोलार्ड अमेरिकेत ओहायोतल्या डेटनचा. चौथीची मुलं शिकवायची आणि उरलेल्या वेळात गाणी रचायची, हा त्याचा क्रम. १९८६पासून त्याच्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या बँडने पदरमोड करून, कर्ज काढून रेकॉर्डी काढल्या. गावात कोणी विचारलं नाही.

१९९२मध्ये पोलार्डने ठरवलं, ‘प्रोपेलर’ ही शेवटची. ५०० प्रती काढल्या, प्रत्येकीचं वेष्टण हाताने सजवलेलं. निरोपाच्या त्या रेकॉर्डनेच त्याचं नाव गावाबाहेर नेलं.

पुढच्या वर्षी मी डेटनला शिकायला गेलो. १९९४च्या उन्हाळ्यात ‘बी थाउजंड’ आली. २० गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. पोलार्ड, बँडमधला टोबिन स्प्राउट आणि मित्रांनी बहुतेक घरच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेली. कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या मिळून चार पट्ट्या असं यंत्र एकाच दिशेने वापरतं. पट्ट्या भरल्या की त्यांवरचं एकीवर उतरवून जागा करायची, आणि दर उतरवणीला खरखर वाढायची. पहिल्याच गाण्यात एक गिटार मध्येच नाहीशी होते. माझा खोलीतला सोबती म्हणाला, “कॅसेट बिघडलीय, परत दे.”

मला मात्र ती खरखर ओळखीची होती. फोन महाग, म्हणून आई टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेट भरून पाठवायची. तिच्या बोलण्यामागे हीच खरखर असे, मधूनच कुकरची शिट्टी. आवाज कुठून येतोय ते ऐकू यायचं. पोलार्डच्या गाण्यांतही मला तसंच घर ऐकू आलं.

तेव्हा या खरखरीवर मी लिहिलेला लेख एका संपादकांनी ‘गरिबीचं कौतुक’ म्हणून परत पाठवला. ते मला अजून लागतं, कारण ते खरं नव्हतं. पोलार्डने १९९४मध्ये शाळेतली नोकरी सोडली, मॅटाडोर या नावाजलेल्या कंपनीने बँडला घेतलं, आणि तरी १९९५ची ‘एलियन लेन्स’ पुन्हा घरगुतीच झाली: ४१ मिनिटांत २८ गाणी. सुचलं की लगेच पकडायचं, घोटत बसायचं नाही. ती निवड होती. १९९९मध्ये निर्माता रिक ओकासेकच्या हाताखाली ‘डू द कोलॅप्स’ झाली, नीटनेटकी, गुळगुळीत. माझं मन तिच्यात कधी बसलं नाही.

परवा पुतण्या म्हणाला, “काका, आजीच्या कॅसेटी पण द्या, साफ करतो.”

मी दिल्या नाहीत. त्यांतली कुकरची शिट्टी त्या ॲपला कचराच वाटली असती.