गावात कळलं तर?

भोर-वेल्ह्याकडे दारू सोडायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. एखाद्याचं पिणं गावाला वर्षानुवर्षं ठाऊक असतं, त्याला रात्री हाताला धरून घरी आणलेलंही असतं. तरी सोडायला निघालेलं कुणी बघू नये, असं त्याला वाटतं. ही लाज खरी आहे, आणि ती ओळखूनच दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगांची रीत ठरलेली आहे.

या मीटिंगा भरवणाऱ्या चळवळीच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, बोलताना ‘एए’, या नावातच निनावीपण आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. भारतात ते १९५७ मध्ये आलं. मीटिंगला जाताना आधार कार्ड लागत नाही, आडनाव सांगावं लागत नाही, गाव तर नाहीच. खुर्च्या मांडलेल्या असतात, एकजण उठून पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसतं ऐकलं तरी चालतं. बोलायची सक्ती नाही.

ज्यांना तरीही धास्ती वाटते, त्यांनी पहिल्यांदा पुण्याला जावं. शहरात रोज कुठे ना कुठे मीटिंग असते. भोरहून स्वारगेटची एसटी आहे, वेल्ह्याकडून आलात तर चेलाडीला हायवे लागतो. मीटिंगा बहुधा संध्याकाळच्या असतात, म्हणून परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवावी, किंवा त्या रात्री नातेवाइकाकडे मुक्काम करावा. पत्ता आणि वेळ एएच्या हेल्पलाइनवर मिळते. सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. लांबच्यांसाठी ऑनलाइन मीटिंगाही भरतात. भात लावणीच्या दिवसांत गाव सोडता येत नाही, तेव्हा याचा फार उपयोग होतो.

‘हजारो रुपये घेत असतील’ असाही एक समज आहे. मीटिंगला फी नसते. शेवटी एक पिशवी फिरते, सभासद तीत जमेल ते टाकतात. बाहेरच्यांची देणगी एए घेत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. काल पिऊन पडलेल्यालाही दार उघडं असतं.

माळकऱ्यांच्या घरी ऐकू येतं, ‘माळ घाल, शपथ घे, कशाला मीटिंगा?’ माळ घालून सुटलेली माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना नमस्कारच. पण शपथ मोडली की माणूस अपराधी वाटून दुप्पट पितो, हेही आपण पाहिलं आहे. मीटिंगमध्ये जन्माची शपथ कुणी मागत नाही, आजचा दिवस न पिण्यापुरतं बोलणं असतं. पुन्हा प्यायलेला माणूस परत आला तर त्याच्यासाठी खुर्ची सरकवतात. तिथे ईश्वराचं नाव निघतं, पण तो ज्याचा त्याने मानायचा. कुठल्याही एका धर्माची ही चळवळ नाही.

आता दोन जीवघेणे गैरसमज. पहिला, ‘निर्धार केला की त्याच दिवशी बाटली फोडायची’. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, अंग थरथरतं. ही बाहेरची बाधा नव्हे. मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मीटिंग औषधोपचारांची जागा घेत नाही, आधी डॉक्टरांना भेटावं. दुसरा, चहात गुपचूप पूड घालण्याचा. दारू सुटण्यासाठी डायसल्फिराम हे औषध देतात, पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर धडधड वाढते, रक्तदाब घसरतो, प्राणावरही बेततं. ताई, तुमची तगमग कळते, पण त्याला न सांगता काहीही देऊ नका.

घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट आहे. नवरा येवो न येवो, बायकोने एकटीने जायला हरकत नाही. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिचं ऐकायला गावात कुणी नसतं. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांसाठी गट चालतो. मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीवर. अशा केंद्रातून घरी परतला म्हणजे माणूस बरा झाला, हाही गैरसमजच. खरी परीक्षा गावच्या फाट्यावर उतरल्यावर सुरू होते, जुने सोबती चहाच्या टपरीवर उभे असतात. तिथून पुढे मीटिंग लागते.

‘नुसत्या गप्पांनी काय होतंय?’ २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात, एएकडे नेणारे नीट आखलेले उपचार इतर रुळलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांची सुटते असं नाही, पण गप्पा म्हणून उडवून लावण्यासारखं हे नाही.

आणि जवळपास मीटिंग नाही म्हणून थांबायचं कारण नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी दोघं-तिघं मद्यपी एकत्र बसले की त्याला एए ग्रुप म्हणता येतं. नसरापुरात, भोरमध्ये, वेल्ह्यात शाळेची एक खोली, ठरलेला वार, दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची रिकामी मांडून ठेवायची.