विकतची साक्ष

२०१० च्या नाताळात अमेरिकेत कोणी गूगलवर ‘ड्रेसेस’ शोधा, चादरी-अभ्रे शोधा, नाहीतर गालिचे शोधा, वर नाव एकाच दुकानाचे यायचे: जे. सी. पेनी. दुकान जुने आणि मोठे, पण सगळ्याच बाबतीत अव्वल असावे असे काही नव्हते. सॅमसनाइटच्या हातबॅगा शोधल्या तर खुद्द सॅमसनाइटच्या साइटच्याही वर पेनी! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला यात काळेबेरे दिसले आणि त्यांनी एका जाणकाराला छडा लावायला सांगितले.

त्याला दोन हजारांहून जास्त पाने सापडली. त्या पानांवर ‘इव्हिनिंग ड्रेस’सारखे शब्द पेरलेले होते आणि त्यांवर क्लिक केले की माणूस थेट पेनीच्या दुकानात पोचायचा. ही पाने होती कुठे? कुत्र्यांविषयीच्या साइटवर, दातांच्या डॉक्टरांच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या, घोरण्यावरच्या उपायांच्या साइटवर. घोरणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या झग्याची शिफारस कोण कशाला करील? फेब्रुवारी २०११ मधल्या एका बुधवारी संध्याकाळी गूगलने कारवाई केली. सात वाजता हातबॅगांच्या शोधात पेनी पहिल्या क्रमांकावर होते. नऊ वाजता ७१ व्या. कंपनीने ‘हे आम्ही केलेले नाही’ म्हणत शोधात साइट वर आणण्याचे काम पाहणाऱ्या एजन्सीला नारळ दिला.

दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंकला धंद्यात ‘बॅकलिंक’ म्हणतात. तिला एवढी किंमत कशी आली, हे समजायला स्टॅनफर्ड विद्यापीठात जावे लागते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन तिथे संशोधन करत होते. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर किती संशोधक देतात यावरून त्याचे वजन ठरवायची पद्धत विद्यापीठांत रुळलेली होती. तीच या दोघांनी वेबला लावली आणि १९९८ मध्ये मांडली. तिचे नाव पेजरँक. गंमत अशी, की त्यात सगळ्या लिंक सारख्या नसतात. लिंक देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजन किती, हे आधी पाहिले जाते. मग ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांत वाटले जाते. तीनशे जणांना लिंक देणाऱ्या पानाकडून तुमच्या वाट्याला चिमूटभरच येते. स्थळाची चौकशी करताना मुलाच्या मामाच्या दहा कौतुकांपेक्षा शेजारच्या मास्तरांचे एक वाक्य आपण जास्त मानतो, तसाच हा हिशेब.

मात्र मास्तरांचे वाक्य विकत मिळू लागले, की हिशेब कोसळतो. वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये लिंकांचा पूर आला, तेव्हा २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली: ही लिंक आमची शिफारस नव्हे, असे साइटने सांगायची सोय. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली आणि लिंकांच्या कारखान्यांवर उभे असलेले अनेक धंदे आपटले. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा ही फुले पोचवणारी कंपनी, तिथला मातृदिन तोंडावर असताना, स्वतःच्या नावाच्या शोधातूनही गायब झाली. तिने स्थानिक वृत्तपत्रांतून लेखाच्या वेषातल्या जाहिराती आणि त्यांत लिंका छापून आणल्या होत्या. त्या वृत्तपत्रांच्या साइटचे पेजरँकही घसरले, हे आम्हा छापणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. जाहिरात करण्यात गैर काही नाही. तिच्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण हवी, एवढेच.

२०१६ नंतर पेंग्विन बहुतेक वेळा शिक्षा करण्याऐवजी अशा लिंका मोजतच नाही. म्हणजे दंड टळला तरी पैसे पाण्यात. तरीही ‘डीए ५० च्या साइटवर लेख आणि लिंक’ अशा ऑफर रोज फिरतात. हा डीए (डोमेन ऑथॉरिटी) म्हणजे साइटच्या वजनाचा, मॉझ नावाच्या खासगी कंपनीने बांधलेला अंदाज आहे. क्रम लावताना गूगल तो वापरत नाही.

मग चांगली लिंक येते कुठून? समजा, देवगडच्या एका हापूस बागायतदाराची साइट आहे. ‘आमच्याकडे अस्सल हापूस मिळेल’ या पानाला कोणी कशाला लिंक देईल? तेच दुकान हजारो जण मांडून बसलेत. पण त्याच माणसाच्या वहीत इतर कोणाकडे नसलेला ऐवज असतो: यंदा मोहोर कधी फुटला, अवकाळी पावसाने किती गळला, तुडतुड्यासाठी फवारण्या किती झाल्या, पहिली पेटी वाशीला कधी गेली, भाव काय मिळाला. हे दर हंगामात तारखेसह, बागेतल्या फोटोसह एका पानावर टाकले, तर पाचेक वर्षांनी ते पान कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी संदर्भाला घेईल, आणि पहिल्या पेटीची बातमी लिहिणारा वार्ताहरही. त्या दोन लिंका घोरण्याच्या साइटवरच्या दोन हजारांना भारी.

मराठीत घोडे अडते ते इथेच. असली माहिती आपण लिहितो खूप, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, नाहीतर फोटोवर अक्षरे टाकून फेसबुकवर चिकटवतो. आठवड्याने ती आपल्यालाच सापडत नाही, मग दुसऱ्याने तिला लिंक कशी द्यावी? आधी तिला स्वतःच्या साइटवर कायमचा पत्ता द्या, आणि साइट नव्याने बांधली तरी तो पत्ता मोडू देऊ नका. ज्यांचा माल तुम्ही विकता, ज्या संघाचे सभासद आहात, त्यांच्या साइटवर तुमचे नुसते नाव असेल तर त्याला लिंक जोडा म्हणून सांगा. बातमीत नाव आले असेल तर संपादकांना दोन ओळींची विनंती करा. यात लाच नाही आणि लाजही नाही.

आणि कोणी बॅकलिंकांचे पॅकेज घेऊन आलेच, तर त्याच्या यादीतली कुठलीही एक साइट उघडा आणि तिच्यावरचा एक लेख शेवटपर्यंत वाचायचा प्रयत्न करा. तुमच्याच्याने तो वाचवला नाही, तर पैसे खिशातच ठेवा.