रोमचे साम्राज्य का बुडाले?



वादळ म्हणजे काय, हे आम्हा मॉरिशसवासीयांना सांगावे लागत नाही. सन १९६० च्या कॅरोल वादळात पुष्कळ घरे पडली, काही उभी राहिली. ज्या घराचे खांब आतून वाळवीने खाल्लेले, ते आधी पडते. मोठमोठ्या साम्राज्यांचेही असेच असते. आज आपण रोमचे उदाहरण पाहू.

बाहेरच्या रानटी टोळ्यांनी रोम बुडवले, असे आपण ऐकत आलो आहोत. हे खरे आहे, पण अर्धेच.

टोळ्या येण्यापूर्वीच घरात वाळवी लागली होती. सन २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट गादीवर बसले. त्यांतले पुष्कळ आपल्याच सैनिकांच्या हातून मारले गेले. सैन्याला पगार द्यायला पैसा पुरेना, म्हणून नाण्यातली चांदी कमी करीत नेली. सन २७० च्या सुमारास चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. महागाई वाढली आणि लोकांचा नाण्यावरचा विश्वास उडाला.

पुढे सन ३७६ मध्ये हूणांच्या भीतीने गॉथ लोक डॅन्यूब नदीकाठी आले व त्यांनी आश्रय मागितला. सम्राट व्हॅलेन्सने तो दिला. पण रोमच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या वाट्याचे धान्य अडवले. उपासमार इतकी झाली की कुत्र्याचे मांस मिळवण्यासाठी गॉथांना आपली मुले गुलाम म्हणून द्यावी लागली. आश्रयाला आलेले लोक वैरी झाले. सन ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत सम्राट स्वतः मारला गेला आणि त्याच्या सैन्याचा मोठा भाग कापला गेला. आता हे कारण बाहेरचे म्हणावे की आतले?

सन ४०८ मध्ये दरबारातल्या कारस्थानाने स्टिलिको या कर्तबगार सेनापतीचा शिरच्छेद झाला. दोनच वर्षांनी, सन ४१० मध्ये, अलारिकने रोम शहर लुटले. सन ४३९ मध्ये व्हँडल लोकांनी कार्थेज घेतले, तेव्हा आफ्रिकेचा गहू आणि महसूल दोन्ही गेले. सन ४७६ मध्ये शेवटच्या बालसम्राटाला गादीवरून उतरवले, तेव्हा त्याच्यासाठी लढायला फारसे कोणी उरले नव्हते.

साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागालाही गॉथांचा व हूणांचा मार बसला होता. पण तिथला खजिना भरलेला होता आणि कॉन्स्टँटिनोपलचा तट भक्कम होता. त्या शहरातले सम्राट पश्चिमेनंतर जवळजवळ हजार वर्षे टिकले. सन १४५३ मध्ये तुर्कांनी ते शहर जिंकले.

वाऱ्याला थांबवणे आपल्या हाती नाही. खांब वेळच्या वेळी तपासणे मात्र आपल्या हाती आहे. राज्य असो, संस्था असो की चार भावांचे घर असो, पैशाचा व्यवहार चोख ठेवावा, कर्तबगार माणसाचा मत्सर करू नये आणि दारी आलेल्याला नाडू नये. रोमच्या इतिहासातून आम्ही एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.