वेदनेचे शब्द आणि कारणाचे शब्द

सर जॉन माल्कम ह्यांच्या पुढाकाराने 1828 च्या सुमारास महाबळेश्वरास आरोग्यस्थान वसले, आणि तेव्हापासून हवापालटासाठी तेथे जाण्याची रीत पडली. परंतु हवापालटास येणारा निराळा आणि बारमास तेथेच राहणारा निराळा. सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या ह्या गावी घरांना झड्या बांधून पावसाळा काढणाऱ्या मनुष्याचे पाय दुखू लागले, तळव्यांची आग होऊ लागली, हाताला मुंग्या येऊ लागल्या, की 'थंडीवाऱ्याने झाले' हे उत्तर दाराशीच उभे असते. कारण शोधण्याची गरजच मग उरत नाही. अनेक ठिकाणी दुखणारे, मध्येच बधिर होणारे आणि कशानेच उलगडत नसलेले असे जे आजार असतात, त्यांच्या कारणाचा शोध पुष्कळदा शब्दापाशीच कसा अडतो किंवा शब्दापासूनच कसा सुरू होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

वेदना सांगण्यासाठी मराठीत असलेली शब्दसंपत्ती थोडी नाही. गळू ठुसठुसते, नखुरडे ठणकते, दाढेत कळ येते, कमरेत उसण भरते, पायात गोळा येतो, कोपर आपटले की हातभर झिणझिण्या जातात. ह्या शब्दांना पर्याय समजणे चूक होईल. 'ठणका' नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो. 'कळ' येते आणि ओसरते. 'उसण' मात्र येत नाही, ती भरते, आणि भरली की मनुष्याला जागच्या जागी खिळवते. क्रियापद बदलले की वेदनेचा काळ बदलतो. चुणचुण, जळजळ, ठुसठुस ह्या शब्दांतील द्विरुक्ती तर संवेदनेच्या पुनःपुन्हा येण्याचे अनुकरणच होय.

वैद्यकशास्त्राने ह्या भेदांचे महत्त्व बरेच उशिरा ओळखले. मॉन्ट्रिअल येथील मॅक्‌गिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी 1975 मध्ये जी वेदनाप्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत इंग्रजीतील 78 विशेषणे वीस गटांत लावलेली आहेत. पुढे 2005 मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेली एक छोटी प्रश्नावली याहूनही उपयोगाची ठरली. आग होणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज अशा लक्षणांची तीत विचारणा होते आणि त्वचेची साधी तपासणीही होते. दुखणे सांधा-स्नायूंचे की खुद्द मज्जातंतूचे, ह्याचा अंदाज तेवढ्यावरून पुष्कळ प्रमाणात येतो. म्हणजे रोग्याने 'दुखते' म्हणावे की 'आग होते' म्हणावे, हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. रोगी 'आग' म्हणतो आणि केसपेपरावर 'दुखणे' एवढेच उतरते, तेव्हा एक पुरावा नाहीसा होतो.

'मुंग्या' हे रूपक मराठीपुरते नाही. लॅटिनमधील मुंगीवाचक शब्दावरूनच वैद्यकात ह्या संवेदनेला नाव मिळाले आहे. 'बधिर' हा शब्द अधिक लक्षणीय आहे. संस्कृतात तो बहिऱ्याचा वाचक. मराठीने तो कानावरून कातडीवर नेला. न ऐकणारी कातडी ती बधिर कातडी. कुष्ठरोगाच्या प्रचारात बधिर चट्ट्याकडे लोकांचे लक्ष वेधले जाते ते ह्याच शब्दाच्या आधारे. मात्र बोलण्यात 'पाय बधिर झाला' ह्याचा अर्थ कधी स्पर्श कळत नाही असा, तर कधी पायात बळ नाही असाही असतो. येथे अनुभवी डॉक्टर चपलेबद्दल विचारतात. चप्पल पायातून निसटली आणि ते समजलेच नाही, तर संवेदना गेली आहे. निसटताना समजते पण धरून ठेवता येत नाही, तर शक्ती गेली आहे. शब्दातील संदिग्धता एका घरगुती प्रश्नाने फिटते, आणि हा प्रश्न कोणत्याही परदेशी प्रश्नावलीच्या भाषांतरातून सुचला नसता.

ह्या शब्दांहून अगदी निराळ्या जातीचे दुसरे शब्द आहेत. 'अंगावरून वारे गेले', 'वात आहे', 'शीर दबली', 'अशक्तपणा आहे' ह्यांत अनुभव सांगितलेला नसून कारण सांगितलेले आहे. चरकसंहितेत ऐंशी वातविकार गणले आहेत. अर्धांगवायू, संधिवात ही नावे त्याच विचारातून रूढ झाली. त्या शास्त्रात वात ही संज्ञा आहे. घराघरांतील बोलण्यात मात्र तिचा बाहेरच्या वाऱ्याशी घोटाळा होतो, आणि महाबळेश्वरासारख्या ठिकाणी तर तो वारा अंगाला प्रत्यक्ष झोंबतच असतो. 'शीर' ह्या शब्दाने रक्तवाहिनी, स्नायूचा दोर आणि मज्जातंतू ही तिन्ही ओळखली जातात; तेव्हा 'शीर दबली' ह्या निदानात नक्की काय दबले हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकिटवाडी, धायरी ह्या परिसरात गिलाँ-बारे विकाराची साथ आली व संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पायांना मुंग्या, मग दुबळेपणा, आणि तो खालून वर चढत जाणारा, असे त्या विकाराचे सर्वसाधारण रूप. जुन्या बोलीत ह्यालाही कोणी 'वारे' म्हटले असते. कारणाचा माग लागला तो आधी होऊन गेलेल्या जुलाबांवरून; काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. ह्या जंतूशी झुंजताना शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पण जुलाब आणि पायांच्या मुंग्या हा एकच आजार होय, असे कोणत्या रोग्याच्या मनात येणार? ते विचारावेच लागते.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. ह्या पिकाची तोडणी उकिडवे बसून किंवा वाकून करावी लागते. तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरील अंगास हाडावरून जाणारा मज्जातंतू दाबला जातो, नडगीची बाहेरची बाजू बधिर होते आणि पाऊल उचलता येत नाही. परदेशी वैद्यकवाङ्मयात ह्या विकाराला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचेच नाव मिळालेले आहे. अशा बाईने 'पायावरून वारे गेले' म्हटले आणि ऐकणाऱ्याने तेवढेच लिहून घेतले, तर ती दिवसभर कशी बसते हा प्रश्न विचारलाच जात नाही. आणि बसण्याची रीत बदलून जे बहुधा सुधारले असते ते तसेच राहते.

कारणवाचक शब्द वापरण्याचा दोष केवळ रोग्याकडे नाही. सर्व तपासण्या झाल्यावर डॉक्टर 'काही नाही' असे म्हणतात. चित्रात काही दिसत नाही, हा त्याचा अर्थ. रोगी ऐकतो की, तुला काही होत नाही. वस्तुतः मज्जातंतूंच्या विद्युद्‌वहनाची नेहमीची चाचणी जाड तंतूंची असते. आग आणि चुणचुण वाहून नेणारे बारीक तंतू बिघडले असतील तर ती चाचणी निर्दोष येऊ शकते. तपासणीच्या कागदावर काहीच नसताना तळव्यांची आग खरी असते, आणि मधुमेह, ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव ह्यांचा शोध तेथूनच सुरू व्हावयाचा असतो. सातारा-पुण्याच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर 'काही नाही' ऐकून घाट चढून परतलेला मनुष्य पुन्हा थंडीवाऱ्याकडेच वळतो, ह्यात त्याचे काय चुकते?