दोन बोटांची खूण

छायाचित्र घेणारा सज्ज होतांच तरुण मंडळींच्या हाताचीं दोन बोटें आपोआप वर जातात. तर्जनी व मध्यमा ताठ, बाकीचीं मिटलेलीं. ही मुद्रा टोकिओपासून पुण्यापर्यंत सारखीच दिसते. गंमत अशी कीं, तिला अर्थ दिला तो ज्याला चित्र दाखवितांच येत नाहीं अशा रेडिओनें.

१९४१ सालीं बेल्जम जर्मनांच्या ताब्यांत होता. त्या देशाचे एक माजी मंत्री व्हिक्टर द लाव्हले हे लंडनहून बी. बी. सी.वरून आपल्या देशबांधवांशीं बोलत असत. १४ जानेवारी रोजीं त्यांनीं सुचविलें कीं, प्रतिकाराची खूण म्हणून सर्वांनीं 'व्ही' हें रोमन अक्षर वापरावें. निवड मार्मिक होती. बेल्जममध्यें दोन भाषांचे लोक. पण फ्रेंचमधील 'विजय' व फ्लेमिशमधील 'स्वातंत्र्य' हे दोन्ही शब्द याच अक्षरानें सुरू होतात. लवकरच जित देशांतील भिंतींवर खडूनें तें अक्षर उमटूं लागलें. तारायंत्राच्या लिपींत त्याची खूण तीन टिंबें व एक रेघ. बीथोव्हेनच्या पांचव्या सिंफनीचा आरंभही नेमका त्याच तालाचा. त्यामुळें दारावरची साधी थापसुद्धां संदेश ठरली. शेवटीं जर्मनांनीं तें अक्षर आपलेंच म्हणून आयफेल मनोऱ्यावर चढविलें!

त्याच वर्षीं चर्चिल यांनीं ही खूण बोटांवर घेतली. आरंभीं ते कधीं कधीं तळहात आपल्याकडे ठेवीत, आणि इंग्लंडांत तशी मुद्रा म्हणजे उघड शिवी. तिचा उगम १४१५ च्या अझँकूरच्या लढाईंतील तिरंदाजांपर्यंत नेणारी कथा रोचक असली तरी तिला समकालीन पुरावा नाहीं. १९९२ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनीं ऑस्ट्रेलियांत हात उलटा धरून अशीच फजिती करून घेतली.

व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकन तरुणांनीं विजयाच्या या खुणेला शांतीचा अर्थ दिला. तरी अध्यक्ष निक्सन तीच मुद्रा विजयासाठींच करीत राहिले. जपानांत मात्र ती छायाचित्राचीच झाली. कोणी याचें श्रेय १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्यें बर्फावर पडूनही हंसत उठणाऱ्या जॅनेट लिन या अमेरिकन स्केटिंगपटूला देतात, तर कोणी त्याच सुमाराच्या कोनिका कॅमेऱ्याच्या जाहिरातीला. दुसरें कारण अधिक संभवनीय वाटतें, कारण कॅमेऱ्यासमोर कसें उभें राहावें हें लोक जाहिरातींतूनच शिकतात. तेथें ही मुद्रा करतांना 'पीसु' म्हणतात. शब्द शांतीचा, पण म्हणणाऱ्याच्या मनांत युद्धही नसतें आणि तहही नसतो, फोटो चांगला यावा एवढेंच असतें.

२०१७ सालीं जपानच्या राष्ट्रीय माहितीशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं नवीच शंका उपस्थित केली: तीन मीटरांवरून घेतलेल्या स्वच्छ छायाचित्रांतूनही बोटांचे ठसे उतरवून घेतां येतात. तळहात पुढें केला तर ठसे जाण्याची भीति, आणि मागें फिरविला तर लंडनांत शिवी.