गुपितांचे राखणदार – लेखांक ६ : देणं आणि देणेकरी

गेल्या लेखांकात आपण परदेशातल्या नातलगांचा निकष पाहिला. पण अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स, मागणाऱ्याला बऱ्याचदा अडवतं ते परदेशातलं नातं नव्हे, घरातलं थकलेलं क्रेडिट कार्ड. २०१७पासून लागू असलेल्या तेरा निकषांत पैशाच्या व्यवहारांना स्वतंत्र निकष आहे. ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’ या अर्जात गेल्या सात वर्षांतली दिवाळखोरी, बुडवलेले कर, १२० दिवसांपेक्षा जास्त रखडलेली देणी, शिवाय जुगारापायी कधी अडचण आली होती का, हे सगळं विचारतात. एवढी चौकशी करूनही अमुक डॉलरच्या वर कर्ज असेल तर अपात्र, अशी रेषा मात्र त्या निकषात कुठेच नाही. ही त्रुटी नाही. कर्जाचा आकडा माणसाबद्दल फार थोडं सांगतो. त्या कर्जाचं त्याने काय केलं, यावरून तो जास्त कळतो.

रॉनल्ड पेल्टनचं उदाहरण घ्या. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीतल्या या कर्मचाऱ्याने १९७९ साली दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली आणि जानेवारी १९८०मध्ये वॉशिंग्टनमधला सोव्हिएत दूतावास गाठला. ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी असलेल्या रशियन केबलवर अमेरिका कान लावून आहे, ही बातमी त्याने साधारण ३५ हजार डॉलरला विकली. कर्ज उघड केलं की धोका टळतो, असं मानणाऱ्यांना हे प्रकरण अडचणीचं आहे, कारण पेल्टनची दिवाळखोरी लपलेली नव्हती. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सची गोष्ट याच्या उलट. घटस्फोटाने कर्जात बुडालेला हा अधिकारी १९८५मध्ये सोव्हिएतांना जाऊन मिळाला आणि पुढे त्याचं कर्ज दिसेनासंच झालं. १९८९मध्ये त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं, दाराशी जॅग्वार आली. बायकोच्या माहेरचा पैसा, असं सांगितल्यावर लोकांनी ते मानलंही. अटक व्हायला १९९४ उजाडलं. देणेकऱ्याकडे संशयाने पाहणाऱ्यांना अचानक देणं फिटलेला माणूस दिसला नाही! म्हणूनच आजच्या निकषात कर्जाबरोबर खुलासा न होणारी श्रीमंतीही धोक्याच्या यादीत आहे.

याला एक आक्षेप रास्त आहे. क्युबासाठी हेरगिरी करणारी आना माँटेस २००१मध्ये पकडली गेली. ती पैशासाठी नव्हे, विचारांसाठी फितूर झाली होती. कोट्यवधी कर्जदारांपैकी देशाशी दगा करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग आधीच पिचलेल्यांना चाळणी का लावायची? कर्जदार फितूर होण्याची शक्यता नगण्य आहे, हे खरंच. पण एक एम्स कित्येक माणसांच्या जिवावर उठतो. त्याने उघडे पाडलेल्या अमेरिकेच्या हस्तकांपैकी अनेकांना सोव्हिएतांनी ठार केलं. शिवाय क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी, अशी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे (ईगन खटला, १९८८). एवढा कठोर दंडक असेल, तर दैवाने ओढवलेलं कर्ज आणि बेफिकिरीचं कर्ज वेगळं काढणं आणखीच गरजेचं. निकष ते काढतो: नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट, लुबाडणारे सावकार ही कारणं मान्य होतात, मात्र त्यानंतर माणूस जबाबदारीने वागला, घेणेकऱ्यांशी बोलला, हप्ते बांधून घेतले, हे दिसावं लागतं. आपल्याकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला सतरावा नियम याच वळणाचा आहे: सदा कर्जात राहू नये, आणि राहिल्यास ते उधळपट्टीने नव्हे तर अचानक आलेल्या संकटाने, हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर.

मला खटकतं ते वेगळंच. २०१८च्या डिसेंबरअखेरीस अमेरिकी सरकारच ३५ दिवस अंशतः बंद पडलं आणि सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडले. त्यांतल्या क्लिअरन्सधारकांचे हप्ते चुकले, तर खुलासा मागणार तेच सरकार, ज्याने पगार थांबवला! खुलासा मान्य होईलही. पण कारकिर्दीच्या भीतीने थकबाकी लपवावीशी वाटणं हीच खरी गोम, कारण लपवलेल्या देण्याचा सुगावा तिसऱ्याला लागला की त्याच्या हाती दोरी येते. नकार मिळाल्यावर कंत्राटी कर्मचाऱ्याला लेखी कारणं मिळतात आणि न्यायाधीशासमोर बाजू मांडता येते. ती सुनावणी कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात.