गडाला उजवीकडे ठेवून

रायगड पाहायला जाणारे बहुतेक जण तो वरूनच पाहतात. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढायच्या नाहीतर १९९६ पासून चालू असलेल्या रोपवेत बसायचं, राजसभा, होळीचा माळ, जगदीश्वर, महाराजांची समाधी, टकमक टोक असं उरकायचं आणि उजेड आहे तोवर खाली. महाराजांनी राजधानीसाठी हाच डोंगर का निवडला, हे मात्र खालून कळतं. गडाला उजवा हात देऊन पायथ्याच्या जंगलातून पूर्ण वळसा घातला, की चौदा-पंधरा किलोमीटरच्या वाटेवर मान वर करकरून एकच गोष्ट दिसते : राबत्याची एक बाजू सोडली तर सगळीकडे तासलेला कडा. हिरकणीची गोष्ट या कड्याखाली उभं राहून आठवावी.

प्रदक्षिणेचा बेत आखताना मुळात हा कडाच ध्यानात घ्यायचा आहे. नेहमीच्या ट्रेकमध्ये दम संपला तर आल्या वाटेने माघारी फिरता येतं; वाट ओळखीची झालेली असते आणि शिवाय उताराची असते. फेरीत तसं नाही. अर्धी फेरी झाल्यावर पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच लांब पडतं. गड डोक्यावर असतो, वर माणसं असतात, रोपवे असतो. पण मधला कडा चढून तिथे जाता येत नाही. पूर्वेच्या रानात पाय मुरगळला तर तो पाय घेऊन निम्मी वाट चालावीच लागते. म्हणून या ट्रेकचं वेळापत्रक सुरुवातीपासून पुढे न मांडता पलीकडच्या टोकापासून मागे मांडावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी वाट समजून घेऊ. चित दरवाजापासून निघून नाणे दरवाजाच्या अंगाने रायगडवाडीकडे जायचं. इथवर चालणं सोपं आणि म्हणूनच फसवं. लोक फोटो काढत तास घालवतात. पुढे टकमक टोकाच्या खालून वाट जंगलात शिरते. ऐन, किंजळ, हिरडा आणि मध्येमध्ये कारवीचं दाट रान. ओढ्यांमध्ये वरून आलेल्या दरडींचे धोंडे पडलेले असतात, त्यांवरून उड्या मारत जावं लागतं. खरी पंचाईत ढोरवाटांची. गुरांनी पाडलेल्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठसठशीत असतात आणि त्या हटकून पाण्याकडे किंवा गवताकडे नेतात. भवानी टोकाच्या पोटातून वळून वाघ दरवाजाच्या खाली आलं, की समोर काळकाईच्या खिंडीचा चढ उभा राहतो. दिवसातला सगळ्यांत दमवणारा चढ हा असा निम्म्यानंतर येतो. खिंडीतून मागे पूर्वेकडे लिंगाण्याचा सुळका आणि सह्याद्रीची भिंत; पुढे हिरकणीवाडीकडची उतरण. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या त्या पलीकडच्या पोटल्याच्या डोंगरावरून, असं सांगतात. १० मे रोजी गड पडला. तेव्हाही इंग्रज कडा चढून आले नव्हते. समोरच्या डोंगरावरून गोळे टाकून त्यांनी काम भागवलं.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने ही प्रदक्षिणा चार तासांत संपायला हवी. पण त्याच्या नियमात कारवी नाही, धोंडे नाहीत, कोकणचा दमट उकाडा नाही आणि दहा जणांच्या गटात दर अर्ध्या तासाने कुणाची तरी सुटणारी बुटाची नाडीही नाही. सरावलेल्या गटानेही सात तास धरावेत, नवख्यांनी नऊ. डिसेंबरच्या मध्याला इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो; झाडीत त्याआधीच अंधारतं. तेव्हा पहाटे फटफटताना निघायचं आणि दुपारी बाराच्या आत काळकाई खिंडीच्या पायथ्याशी असायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने सकाळचा टकमकाखालचा टप्पा कड्याच्या सावलीत पार पडतो. भवानी टोकाखाली पोचायलाच दुपारचा एक वाजला, तर गटप्रमुखाने जेवणाची सुट्टी कापावी. लोक रागावतील, रागावू द्यावं.

पहाटे निघायचं तर मुक्काम पाचाडला किंवा रायगडवाडीत हवा. पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे; आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन येता येतं. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना वीर स्टेशन सोयीचं, तिथून महाड आणि महाडहून पाचाड. सह्याद्रीत कधीच न फिरलेल्यांनी आधी अलिबागजवळच्या सागरगडावर एकदा पाय तपासून घ्यावेत.

ऋतूबद्दल मात्र तडजोड नको. पावसाळ्यात प्रदक्षिणा करू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गाव गाडलं गेलं. जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसाने रायगडाच्या पायऱ्यांवरूनच पाण्याचे लोट वाहिले आणि गडावर गेलेले लोक अडकले. पायऱ्यांची ही गत, तर ओढ्यांची काय असेल? मार्चनंतर रान कोरडं ठणठणीत होतं आणि उन्हाने कातळ तापतो. डिसेंबर-जानेवारी हेच खरे महिने. तेव्हाही वाटेत पाणी मिळेल असं गृहीत न धरता माणशी चार लिटर बरोबर घ्यावं.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. खाली शेकोटी, धूर, आरडाओरडा, अत्तर, यांतलं काहीही नको. जयघोष चित दरवाजापाशी करून घ्यावा. धोंड्यांच्या फटीत न बघता हात घालू नये. फुरसं असतं, विंचूही असतो. लाल विंचवाचा दंश कोकणात एकेकाळी माणूस दगावण्याचं नेहमीचं कारण होतं. त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच महाड परिसरातल्या रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिलं आणि ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाला तर कापाकापी, आवळपट्टी असले उद्योग न करता माणसाला हलू न देता उचलून दवाखान्यात न्यायचं, एवढं गटातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. मोबाइलची रेंज झाडीत जाते. म्हणून किती जण, कुठून निघाले आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या घरी कागदावर लिहून ठेवावं. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, पण त्यावर विसंबू नये : गेल्या पावसात कोसळलेली दरड त्यात नसते.

ती ठाऊक असते वाडीतल्या माणसाला. वाटाड्या घ्यायचाच, आणि घासाघीस न करता घ्यायचा. रायगडवाडी, हिरकणीवाडीतले लोक या रानात लाकूडफाट्याला, गुरांमागे रोज फिरतात. गवत वाढलेलं असताना कुठली पायवाट बुजली, कुठल्या घळीत घसारा झालाय, आग्या यंदा कुठे बसल्यात, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. हिवाळ्यात सामूहिक प्रदक्षिणाही निघतात; पहिल्या खेपेला तशा गटाबरोबर जाणं शहाणपणाचं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत रायगड आहे. त्यामुळे वर गर्दी वाढणार आणि पायथ्यालाही हौशी गट येणार. त्यांना एकच विनंती : प्रदक्षिणा आणि गडदर्शन एका दिवसात बसवू नका. सकाळी फेरी आणि दुपारी रोपवेने वर, असे बेत हल्ली ऐकू येतात. त्यात खिंडीतली घाई वाढते आणि वर गेल्यावर समाधीपाशी टेकायलाही वेळ उरत नाही. गडासाठी दुसरा दिवस राखून ठेवा.